न दमणारा मार्कस आणि दमणारी माणसे

व्हिडिओ गेममधील एका नायकाविषयी ज्येष्ठांच्या आरोग्याच्या स्तंभात लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. गेम म्हटले की नातवाचे अभ्यासाकडे दुर्लक्ष, उडालेली झोप आणि डोळ्यांवरचा ताण एवढेच आपल्या मनात येते. त्या तक्रारी रास्तच आहेत. परंतु आजचा नायक निराळा आहे. तो एका वृद्ध, अपंग माणसाची शुश्रूषा करतो. त्याचे नाव मार्कस. ‘डेट्रॉइट : बिकम ह्यूमन’ या विज्ञानकथेच्या गेममधील तीन प्रमुख पात्रांपैकी तो एक. पॅरिसच्या ‘क्वांटिक ड्रीम’ या संस्थेने तयार केलेला हा गेम मे २०१८ मध्ये बाजारात आला. त्याचे लेखन व दिग्दर्शन डेव्हिड केज यांचे आहे.

ज्यांनी असा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. यात शर्यत नसते आणि गुणही मिळवायचे नसतात. चित्रपटासारखी कथा पडद्यावर उलगडत जाते. मात्र ठरावीक वळणांवर पात्राने काय करावे हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते आणि त्या निर्णयाप्रमाणे पुढची कथा बदलते. काळ २०३८, स्थळ अमेरिकेतील डेट्रॉइट शहर. तेथे घरोघर माणसासारखे दिसणारे आणि बोलणारे यंत्रमानव कामाला आहेत. मराठी वाचकाला यंत्रमानव अपरिचित नाही, डॉ. जयंत नारळीकर यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीतून तो आपल्याला पूर्वीच भेटला आहे. मार्कसचे वेगळेपण असे की, त्याच्या वाट्याला एका आजारी माणसाचे अंथरूण-पांघरूण आले आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात कोणी ना कोणी नेमके हेच काम करीत असते, म्हणून त्याच्याकडे पाहावेसे वाटले. गेममध्ये हिंसेचे प्रसंग असल्याने तो प्रौढांसाठीच आहे, हेही आरंभी सांगून ठेवतो.

मार्कसची सकाळ

कार्ल मॅनफ्रेड हे नामांकित चित्रकार. वय झालेले, पाय निकामी, चाकाच्या खुर्चीशिवाय हालचाल नाही. मार्कस दुकानातून त्यांचे रंग घेऊन घरी येतो. पडदे सारून खोलीत उजेड करतो, त्यांना उठवतो. ते कुरकुर करतात, तरी इंजेक्शन देतो. उचलून स्नानगृहात नेतो, मग खुर्चीत बसवून न्याहारीला आणतो. ही सारी कामे खेळणाऱ्याला एकेक करून मार्कसच्या हातून करवून घ्यावी लागतात. आजोबांना अंथरुणातून उठवून न्याहारीपर्यंत आणण्यात किती पायऱ्या असतात, हे घरातल्या तरुणाला गेममधून कळत असेल तर तेही चांगलेच आहे.

या प्रत्येक पायरीला वैद्यकीय अर्थ आहे. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीराचे घड्याळ जुळते. दिवसा पेंग आणि रात्री जाग हा वृद्धांचा उलटा क्रम त्याने पुष्कळसा सुधारतो. बाजेवरच्या माणसाला सकाळी अर्धा तास ओसरीवर किंवा खिडकीशी आणून बसवणे हा औषधाइतकाच महत्त्वाचा भाग समजावा.

इंजेक्शन इन्सुलिनचे असेल तर ते देण्यापूर्वी समोर जेवण तयार आहे याची खात्री करावी. रोज एकाच जागी टोचू नये. पोट व मांडी यांवरील जागा बदलत राहावी. घाम, थरथर, अचानक गोंधळल्यासारखे बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे होत. वृद्धांत कधी कधी नुसती गुंगीच दिसते आणि घरचे समजतात, झोप लागली आहे. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये. थेट १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

राहिले उचलणे. मार्कस कार्लना दोन्ही हातांवर सहज उचलतो. माणसाने तसे करू नये. प्रथम रुग्णाला कुशीवर वळवून, पाय खाली सोडून बाजेच्या कडेला बसवावे व एक-दोन मिनिटे थांबावे. एकदम उभे केल्यास रक्तदाब उतरून भोवळ येते. खुर्ची बाजेला खेटून, ज्या अंगात बळ आहे त्या बाजूला लावावी आणि तिची चाके अडवावीत. उचलणाऱ्याने कंबरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे, रुग्णाला अंगाजवळ घ्यावे, उचलताना कंबर पिळू नये. पक्षाघात झालेला हात धरून तर कधीही ओढू नये. त्याने खांदा निखळतो. रुग्णाला बाजेवर वर सरकवायचे असेल तर त्याच्याखाली जाड चादर घालून ती दोघांनी दोन बाजूंनी धरावी.

कार्ल काय करतात?

न्याहारी चालू असताना कार्ल मार्कसला सांगतात, माझे होईपर्यंत तुला हवे ते कर. मग तो कपाटातले पुस्तक उघडू शकतो, पियानो वाजवू शकतो किंवा बुद्धिबळाचा पट मांडू शकतो. त्याने जे निवडले त्याविषयी कार्ल त्याच्याशी बोलतात. पुढे चित्रशाळेत ते त्याच्या हाती कुंचला देतात. तो समोरच्या वस्तूची हुबेहूब नक्कल करतो, तेव्हा कार्लचे समाधान होत नाही. डोळे मिटून, मनातले काहीतरी काढ, असे ते सुचवतात.

मला हा भाग मार्कसच्या सेवेपेक्षा महत्त्वाचा वाटतो. शुश्रूषेविषयी बोलताना आपण नेहमी सांभाळणाऱ्याची कर्तव्ये मोजतो. सांभाळून घेणाऱ्याचेही काही कर्तव्य असते, हे आपल्या बोलण्यात येत नाही. ज्या यंत्राला थकवा नाही, भूक नाही, त्यालाही कार्ल रोज थोडा त्याचा स्वतःचा वेळ देतात. आपल्या घरांत मात्र भूक लागणाऱ्या, कंबर दुखणाऱ्या, झोप अपुरी पडणाऱ्या माणसाला तो मिळत नाही.

यंत्राकडून काय मिळेल, काय नाही

‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० मधील ‘आर. यू. आर.’ या नाटकातून जगभर गेला. त्याचे मूळ असलेल्या चेक शब्दाचा अर्थ वेठबिगारी. जो विश्रांती मागत नाही, मोबदला मागत नाही, ‘नाही’ म्हणत नाही, असा वेठीचा मजूर म्हणजे रोबोट.

शुश्रूषेसाठी यंत्रे घडवण्याचे प्रयत्न खऱ्या जगातही चालू आहेत. जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी सील या प्राण्याच्या पिल्लासारखा दिसणारा ‘पारो’ नावाचा मऊ यंत्रप्राणी विकसित केला. कुरवाळले की तो मान हलवतो, आवाज करतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना शांत करण्यासाठी काही देशांतील शुश्रूषागृहांत त्याचा उपयोग होतो. २०१५ मध्ये तेथील ‘रिकेन’ या संशोधन संस्थेने अस्वलासारख्या चेहऱ्याचा ‘रोबेअर’ हा रोबोट दाखवला. रुग्णाला बाजेवरून उचलून खुर्चीत ठेवण्याचा तो प्रयोग होता. एका माणसाला उचलण्यासाठी घडवलेल्या त्या यंत्राचे वजन १४० किलो होते. उचलण्याचे जे काम आपण ‘तेवढे तर करायचे’ म्हणून सुनेवर सोपवतो, ते किती अवघड आहे याचा अंदाज या आकड्यावरून यावा.

अशी यंत्रे आपल्याकडे येतील तेव्हा येवोत. तोवर उचलणे, पुसणे, भरवणे हे सारे माणसांनाच करायचे आहे. प्रश्न इतकाच की, त्या माणसांना आपण माणूस म्हणून वागवतो की मार्कस म्हणून.

कोयता, खाडा आणि कंबर

गेममध्ये यंत्र हळूहळू माणूस होत जाते. आमच्या बीड जिल्ह्यात उलटे घडताना दिसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई अशा तालुक्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला फडात ‘कोयता’ म्हणतात. दोन माणसांची ओळख एका हत्याराच्या नावाने होते. उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस काम बुडाले की ‘खाडा’ धरला जातो आणि पैसे कापले जातात. आजारपण, पाळी, बाळंतपण यांची गणतीही खाड्यातच.

याचा एक परिणाम २०१९ मध्ये राज्यापुढे आला. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे, कर्करोगाची भीती अशी कारणे त्यामागे होती. आणि पाळीच्या त्रासाने खाडे पडू नयेत, हा विचारही होता. दुखणारा भाग काढून टाकला की यंत्र पुन्हा चालू, असा हा हिशेब.

शरीर मात्र हा हिशेब मानीत नाही. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली असतील तर त्या दिवसापासून रजोनिवृत्ती सुरू होते. अंडाशये ठेवली तरी ती काहीशी लवकर येऊ शकते. चाळिशीच्या आत असे झाले की हाडे लवकर ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, झोप मोडते, मन उदास होते. आणि हीच स्त्री फडावरून परतल्यावर घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूला उचलते. ‘डॉक्टर, कंबरेचे इंजेक्शन द्या’ म्हणून दवाखान्यात येणाऱ्या अशा महिलेला केवळ वेदनाशामक देऊन भागत नाही. तिचे गर्भाशय कोणत्या वयात काढले, अंडाशये शिल्लक आहेत का, आणि घरी ती कोणाला उचलते, हे तीन प्रश्न विचारावेच लागतात. शस्त्रक्रियेचा कागद घरात असेल तर तो जपून ठेवावा व डॉक्टरांना दाखवावा. दूध, नाचणी, तीळ यांतून कॅल्शियम घ्यावे, कोवळ्या उन्हात बसावे, ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता तपासण्याविषयी विचारावे. वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून महिनोन्महिने घेऊ नयेत. त्यांनी मूत्रपिंडे व जठर बिघडते.

ती रात्र

मार्कसच्या कथेत एक रात्र येते. कार्लना लिओ नावाचा मुलगा आहे. तो येतो तो पैसे मागायलाच. वडिलांची सेवा यंत्राने करावी आणि वडिलांचे प्रेमही त्यालाच मिळावे, याचा त्याला राग आहे. त्या रात्री कार्ल आणि मार्कस समारंभाहून परततात तेव्हा लिओ चित्रशाळेतून चित्रे नेण्याच्या बेतात असतो. वाद पेटतो. लिओ मार्कसला ढकलू लागतो. कार्ल ओरडून मार्कसला बजावतात, प्रतिकार करू नकोस.

येथे निर्णय खेळणाऱ्याच्या हाती येतो. मार्कसने सारे निमूट सोसले तर तो कलह कार्लच्या हृदयाला झेपत नाही आणि ते प्राण सोडतात. त्याने लिओला दूर लोटले तर लिओच्या डोक्याला मार लागतो, पण कार्ल वाचतात. दोन्हीपैकी काहीही घडले तरी पोलीस येऊन गोळी झाडतात ती मार्कसवर. पुढे तो सावरतो आणि आपल्यासारख्या इतरांच्या हक्कांसाठी उभा राहतो.

हा प्रसंग परदेशी आणि काल्पनिक असला तरी त्याची मांडणी आपल्या ओळखीची आहे. एक मुलगा गावी राहून सांभाळतो, दुसरा पुण्या-मुंबईहून सणाला येतो. जमिनीचा, दागिन्यांचा, दवाखान्याच्या खर्चाचा विषय निघतो आणि तो निघतो नेमका आजाऱ्याच्या बाजेपाशी. ज्याने वर्षभर केले त्यालाच ‘तू नीट केले नाहीस’ हे ऐकावे लागते. म्हातारी माणसे त्यालाच म्हणतात, तू गप्प बस, तूच समजूतदार आहेस. तो गप्प बसतो. त्या गप्प बसण्याला आपण सहनशीलता म्हणतो.

डॉक्टर म्हणून मला यात दोन धोके दिसतात. पहिला रुग्णाचा. तीव्र संतापानंतरच्या पुढील दोनएक तासांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता वाढते, असे अभ्यासांत आढळले आहे. वृद्ध व मधुमेही व्यक्तींत छातीत दुखलेच पाहिजे असे नाही. घाम, धाप, मळमळ, कमालीचा अशक्तपणा एवढेच दिसू शकते. अशा वेळी रुग्णाला चालवू नये. पाठीला आधार देऊन बसवावे आणि १०८ ला फोन करावा. भांडण तर बाजेपासून दूर, दुसऱ्या खोलीतही नको. पार दुसऱ्या दिवशी, बसून, कागदावर मांडून बोलावे. कोणी वेळ द्यायचा, कोणी पैसे द्यायचे आणि वर्षातून किती दिवस कोणी जबाबदारी घ्यायची, हे लिहिलेले असले की आवाज चढत नाहीत.

दुसरा धोका सांभाळणाऱ्याचा. निमूट सोसणे मार्कसलाही मानवत नाही, मग माणसाला कसे मानवेल? स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या चुकणे, रात्री तीन-तीनदा उठल्याने दिवसभर डोके जड राहणे, क्षुल्लक गोष्टीवरून रुग्णावर खेकसणे आणि मग एकांतात रडणे, जेवणावरची वासना जाणे, ही सांभाळणाऱ्याच्या थकव्याची लक्षणे आहेत. तो त्याचा दुष्टपणा नाही आणि आळसही नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ ही अवस्था टिकली तर त्याच्या नावाचा स्वतंत्र केसपेपर काढून त्याला तपासून घ्यावे. मन मोकळे करण्यासाठी १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा विनामूल्य क्रमांक आहे, तेथे मराठीतही बोलता येते.

ज्येष्ठांनी काय करावे?

कार्लच्या उदाहरणावरून आपल्या ज्येष्ठ वाचकांना काही सुचवावेसे वाटते. जे स्वतःला जमते ते स्वतः करावे: चूळ भरणे, केस विंचरणे, लसूण सोलणे, गोळ्यांचा डबा भरणे. त्याने सांभाळणाऱ्याचा भार कमी होतो आणि आपले स्नायूही टिकतात. खुर्चीत बसून असाल तर दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर भार देऊन थोडे उचलावे किंवा बाजू बदलावी. झोपून असाल तर दर दोन तासांनी कूस बदलून घ्यावी. माकडहाड, टाचा, खुबे येथील लाली जखम होण्यापूर्वीच दाखवावी.

आणि रोज अर्धा तास तरी सुनेला, मुलाला, लेकीला सांगावे, माझे आता काही नाही, तू तुझे काहीतरी कर. त्या अर्ध्या तासात हाक मारू नये. तिने मैत्रिणीकडे जावे, त्याने पारावर बसावे, कोणी नुसते पडून राहावे. आठवड्यातून एक दिवस दुसऱ्या कोणी यावे; तशी व्यवस्था तुम्ही स्वतः फोन करून लावावी. सुनेला ती मागायला संकोच वाटतो. तुम्ही मागितलीत तर कोणी नाही म्हणत नाही.

फडावर जाण्यापूर्वी

ज्या घरांतील कर्ती माणसे ऊसतोडीला जातात, तेथे मागे आजी-आजोबा आणि नातवंडे राहतात. ज्यांना सांभाळायला हवे तेच पाच-सहा महिने सांभाळणारे होतात. निघण्यापूर्वी एवढे करून जावे:

• आई-वडिलांची तपासणी करून, किमान महिनाभराची औषधे घरात ठेवून, पुढची दरमहा कोण आणणार हे ठरवावे.

• औषधाच्या चिठ्ठीची एक प्रत घरी, एक शेजाऱ्याकडे आणि एक छायाचित्र आपल्या फोनमध्ये असावे.

• आशाताईंना आणि एका विश्वासू शेजाऱ्याला आपला नंबर द्यावा. फोन करण्याचा वार व वेळ ठरवावी.

• ७० वर्षे पूर्ण झालेल्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड काढावे. त्यावर उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण मिळते.

• भिंतीवर मोठ्या अक्षरांत दोन क्रमांक लिहावेत: रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि ज्येष्ठांच्या कोणत्याही अडचणीसाठी १४५६७.

• न्हाणीघरात पकडायला दांडा किंवा दोर आणि रात्री जळता राहणारा छोटा दिवा बसवून जावे. मागे राहिलेल्या आजी पडल्या तर नातवंडांनाही कोणी उरत नाही.

घरात मार्कसची गोष्ट खेळणारा नातू असेल तर त्याला या पंधरवड्यात एक काम सांगावे. रविवारी सकाळी आजोबांना उठवण्यापासून न्याहारीपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या त्याने स्वतः कराव्यात. गेममध्ये त्याने त्या केल्याच आहेत. तेवढा वेळ त्याच्या आईला झोपू द्यावे, आणि तिला उठवायला कोणी जाऊ नये.